दादाच्या बियरचा गाळ

बियर घरी करणं एकदम सोपं आहे, असं माझा मोठा भाऊ म्हणायचा. त्याला जगातलं बहुतेक सगळंच सोपं वाटायचं, कारण तो सुरुवात करून निघून जायचा आणि पुढचं निस्तरायला मी असायचो. ऐंशीच्या दशकातली माझी तरणीताठी वर्षं कांदिवलीच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत, एका खोली-किचनमध्ये, एका प्लास्टिकच्या पिंपाची काळजी वाहण्यात गेली. दुसऱ्यांच्या आठवणींत त्या वर्षांचे सिनेमे असतात, क्रिकेट असतं, सहली असतात. माझ्या आठवणींत बुडबुडे आहेत.

बाबा गिरणीत होते. संपात गिरणी बुडाली आणि तिच्यामागोमाग बाबाही गेले. दादा त्याच्या आधीच आखातात पोचला होता. तिथं पाइपलाइनीच्या कामावर तो वेल्डर होता. त्या देशात दारूला सक्त बंदी, त्यामुळे कामगारांच्या प्रत्येक छावणीत चोरून बियर करणारा एक तरी उस्ताद असायचाच. दादा ही विद्या एका गोऱ्या फोरमनकडून शिकला. पहिल्यांदा सुट्टीवर आला तो जानेवारीत. आईला साडी आणि अत्तर, शेजाऱ्यांना साबणाच्या वड्या, आणि मला काय, तर माल्टच्या अर्काचे डबे, कापडी पिशवीत बांधलेली हॉप्सची सुकी फुलं आणि यीस्टची पाकिटं. मी तेव्हा मरोळच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. घड्याळ तरी आणायचंस, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी डबे उचलून फडताळात ठेवले.

माल्टचा अर्क काकवीसारखा दाट आणि काळपट असतो. आम्ही तो उकळत्या पाण्यात विरघळवला, त्यात कडवटपणासाठी हॉप्स घातले, आणि पातेलं मोरीत थंड पाण्याच्या टबात ठेवून निववलं. मग नवं पिंप कढत पाण्यानं धुऊन त्यात ते ओतलं आणि वरून यीस्ट भुरभुरलं. पिंपाच्या झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. दुसऱ्या दिवशी बाटलीत बुडबुड सुरू झाली. आई कौतुकानं बघत होती. तिला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. तिच्या गावी राखणदार देवालाही बाटलीचा मान असतो. "ह्यां आंबोळीच्या पिठासारख्याच आसा," एवढंच ती म्हणाली.

तिथंच घोटाळा झाला. दादा मित्रांना भेटायला गेला होता आणि मी कामावर. जानेवारीची थोडी थंडी पडली होती. थंडीत आंबोळीचं पीठ फुगावं म्हणून आई भांड्याला गोधडी गुंडाळते, तशी तिनं पिंपालाही गुंडाळली. यीस्टला गारवा लागतो हे तिला कोण सांगणार? संध्याकाळी घरी आलो तर नळीतून फेस बाहेर येऊन किचनभर पसरला होता आणि घरात पिकल्या केळ्यांचा वास सुटला होता. दादा पोट धरून हसला. फरशी मी पुसली.

बियर तयार व्हायच्या आधीच दादाची सुट्टी संपली. विमानतळावर जाताना रिक्षात त्यानं मला पुढच्या सगळ्या सूचना दिल्या. बुडबुडे थांबल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, नाहीतर फुटतात. बाटलीत साखर चिमूटभरच. पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं, आईची गोधडी नाही. आणि तळाशी जो पांढरट गाळ उरतो तो फेकायचा नाही, कारण त्यातच यीस्ट जिवंत असतं.

"विरजण समज ते," दादा म्हणाला. "एक बियर झाली की त्याच गाळावर दुसरी. मरू नको देऊस. दोन वर्षांत मी येतो कायमचा. लग्न करतो, आईला बघतो. मग तू तुझं लग्न कर, हवं तिथे जा. तोवर थोडी कळ काढ यार."

मला जिच्याशी लग्न करायचं होतं तिच्याबद्दल त्याला माहीत होतं. आमच्याच कंपनीच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती. घाटकोपरला राहायची, आणि गाव आमच्याच तालुक्यातलं. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता आमचं जमलं होतं. तिच्या घरून विरोध नव्हता, पत्रिकाही जुळत होती. अडचण एकच. आमच्यात थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न लावत नाहीत. थोरल्यात काहीतरी खोट असणार असं लोक धरून चालतात. आईनं मला एकदाच स्पष्ट सांगितलं होतं, "थोरल्याच्या आधी तुझा लगीन लावलंय तर गावात तोंड खंय दाखवू?" त्यानंतर हा विषय आमच्या घरात बंद झाला. म्हणजे माझं लग्न दादाच्या लग्नावर अडलेलं, आणि दादाचं लग्न त्याच्या परत येण्यावर.

म्हणून मी तो गाळ सांभाळला. प्रत्येक बियरचा थोडा गाळ बरणीत काढून घरातल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवायचो. हे वेड्यासारखं वाटेल, पण त्यानं माझ्या हातात दिलेलं तेवढंच होतं. तो जिवंत आहे तोवर दादाचा शब्दही जिवंत आहे, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. मला खरं तर बियर फारशी आवडतही नव्हती. एक ग्लास घेतला की डोकं जड व्हायचं. कंपनीतले मित्र मात्र बाटल्या हक्कानं घेऊन जायचे आणि रिकाम्या परत आणून द्यायलाही विसरायचे.

मुंबईच्या हवेत यीस्ट सांभाळणं म्हणजे काय, हे त्या गोऱ्या फोरमनलाही कळलं नसतं. तिथं छावणीत एसी होते. आमच्याकडे एक पंखा, तोही बाहेरच्या खोलीत. मार्च संपला की किचन तापायचं. मी पिंप मोरीत टबात ठेवायचो, भोवती ओलं गोणपाट, आणि कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणून तिचे तुकडे टबात टाकायचो. आईला आंघोळ करायची असली की पिंप बाहेर आणि आंघोळ झाली की परत आत. एवढं करूनही एप्रिलमधली बियर बिघडली. यीस्टला उकाडा झाला की ते नको ती घाई करतं आणि मग जी बियर होते ती थिनरसारखी लागते. ती प्यायल्यावर आमच्या कारखान्यातला फोरमन दुसऱ्या दिवशी कामावरच आला नाही.

दुसरी एक माझ्या उतावळेपणानं नासली. बुडबुडे मंदावले म्हणून मी झाकण उघडून आत बघितलं. नवशिक्याला राहवत नाही. चार दिवसांनी वर सुरकुतलेली पांढरी साय धरली आणि सगळं पिंप आंबट झालं. पावसाळ्यात नळाला जंतुनाशक पावडरीचा वास यायचा आणि तोच वास बियरला लागायचा, म्हणून पाणी आधी उकळून एक रात्र उघडं ठेवायला मी शिकलो. हळूहळू मला नाकानंच कळायला लागलं, आत ठीक चाललंय की नाही. ब्रेडसारखा वास आला की बरं, केळ्याचा आला की बर्फ हवा, आंब्याच्या कुजक्या सालीचा आला की मोरीत ओता.

डबे संपल्यावर मी आईच्या मदतीनं नाचणीवर आलो. आई नाचणीचं सत्त्व करायची, तेव्हा मोड आणणं तिला पाठ होतं. भिजवून, कापडात बांधून, मोड आले की गच्चीत वाळवून आम्ही ती भरड दळून आणायचो आणि कोमट पाण्यात मुरवायचो. हॉप्सच्या जागी तापावरचं कडू काडेकिराईत. ते घशाखाली उतरताना कपाळावर आठी यायचीच. आमचे मित्र त्या बियरला औषध म्हणायचे, पण प्यायचे. या सगळ्या खटाटोपाला कायद्यानं परवानगी नव्हती, म्हणून बाटल्या आईच्या पलंगाखाली गोधड्यांच्या आड असायच्या.

दादाकडून पत्रं यायची नाहीत, कॅसेट यायची. सुट्टीवर येणारा कोणी ना कोणी ती आणून द्यायचा. आई टेपरेकॉर्डरसमोर पाट मांडून बसायची आणि दादानं कॅसेटमधून काही विचारलं की खरोखर उत्तर द्यायची. आधी आईची तब्येत, मग गावचं घर, आणि शेवटी माझ्यासाठी बियरचं. गाळ कसा आहे? मग आम्ही आमचा आवाज भरून उलट कॅसेट पाठवायचो.

दोन वर्षं झाली. दादा आला नाही. आणखी एक कॉन्ट्रॅक्ट मिळालंय, सोडवत नाही, असं त्यानं कळवलं. कारण खोटं वाटण्यासारखं नव्हतं. घाटकोपरला तिच्या वडिलांनी मात्र तिला लग्नाचं विचारायला सुरुवात केली होती. तिनं मला सांगितलं, तू त्याला एकदा सरळ विचार. म्हणून त्या उन्हाळ्यात आई देवळात गेलेली बघून मी कॅसेटवर पहिल्यांदाच मोकळेपणानं बोललो. सांगितलं, दादा, तू परत कधी यायचं ते तुझं तू ठरव, पण लग्न कधी करणार ते सांग. माझं अडलंय. तिच्या घरचे आता थांबत नाहीत. मी बोलता बोलता थोडा रडलोही, आणि ते पुसून पुन्हा भरायला मला वेळ मिळाला नाही, कारण आई आली.

त्याचं उत्तर जुलैत आलं. माझं बघू रे नंतर, तो म्हणाला. धीर धर. उकाड्यात गाळ जपून ठेव, फ्रिजमध्ये बरणीचं तोंड सैल ठेवत जा. मागे कुठेतरी कोणी भांडी आवरत होतं त्याचा आवाज कॅसेटवर आला होता.

गणपतीला आम्ही गावी जायचो. घर बंद करून निघताना मेन स्विच बंद करायचा, हा बाबांपासूनचा नियम. आई तो कशासाठीही मोडायला तयार नव्हती. म्हणजे फ्रिज बंद, आणि गाळ त्या उकाड्यात दहा-बारा दिवस. शेजारच्या गुजराती बाईंच्या फ्रिजमध्ये कांदासुद्धा जात नसे. दुसरीकडचे काका परभणीचे, बौद्ध. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण घरात रोज पंचशील म्हणणारा माणूस. ते म्हणाले, "दुसरं काहीही ठेव बाळा, हे नको." त्यांचं बरोबरच होतं. शेवटी मी बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत घातली आणि बरोबर घेतली. हिसक्यांनी सांडू नये म्हणून झाकण घट्ट लावलं. यीस्ट उपाशी राहू नये म्हणून सकाळी साखरेचं पाणीही पाजलं होतं.

एसटी आमच्या तालुक्यातल्या लोकांनीच ठरवलेली होती. त्यामुळे आत सगळे एकमेकांच्या ओळखीचे. पेण सोडलं तोवर ऊन चांगलंच होतं. बस तापली, बरणी तापली, आणि साखर खाऊन यीस्टनं काम सुरू केलं. सीटखाली बंदुकीसारखा आवाज झाला. झाकण उडून पुढच्या सीटला लागलं आणि फेस एका म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या मखरावर उडाला. क्षणभरात सगळी बस दारूच्या गुत्त्यासारखी घमघमली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. दोन सीट पुढे, जिच्याशी मला लग्न करायचं होतं तिचे मामा बसले होते. ते उठून आले, टोपलीत वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "गणपतीक जातंस तां दारू घेवन?"

मी समजवायला लागलो. दारू नाही, यीस्ट आहे, विरजणासारखं. भाऊ आखातात आहे, त्याचं आहे. जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटायला लागलं. आई खिडकीबाहेर बघत बसली. आणि तशातही, सांगायला लाज वाटते, मी बरणीच्या तळाशी उरलेला गाळ वाचवला. झाकण सैल लावून ती बरणी गावापर्यंत मांडीवर नेली. गावात मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली. आरतीला उभा राहिलो की बायका नाकाला पदर लावायच्या.

गणपतीनंतर तिनं मला कॅन्टीनमध्ये गाठलं. मामांनी घरी सगळं सांगितलं होतं. पोरगा पिणारा आहे, थोरल्याचा पत्ता नाही, कशासाठी थांबायचं? तिला खरं माहीत होतं. तिनं घरी माझी बाजूही घेतली होती, भांडली होती. पण आता थकली होती, हे मला दिसत होतं.

"दादाचं सगळं जपून ठेवतोस रे तू," ती म्हणाली. "मला पण तसंच ठेवणार आहेस का, फ्रिजमध्ये?"

मी म्हटलं, थोडं थांब, यंदा तो नक्की येईल. ती चहा तसाच ठेवून उठली. तुळशीची लग्नं झाल्यावर तिचं मुलुंडच्या एका मुलाशी लग्न झालं. तिनं नोकरी सोडली. ऑफिसच्या लोकांनी भेट म्हणून स्टीलचा डबा दिला, त्यासाठी माझ्याकडूनही वर्गणी नेली.

आणि दादा खरंच आला. त्याच जानेवारीत, भर दुपारी, टॅक्सीतून. त्याच्याबरोबर एक सावळी, हसरी बाई होती. तिथल्या इस्पितळात नर्स होती, मूळची केरळातली. दादानं चपला काढता काढताच सांगून टाकलं, ही तुझी सून. आईला धक्का बसेल म्हणून कळवलं नव्हतं, म्हणे. आई भिंतीला धरून उभी राहिली. मग तिनं डोळे पुसले, तांदळाचं माप आणलं, कुंकू आणलं, आणि त्या बाईला उंबऱ्यात उभी करून ओवाळलं. थोरला नांदता झाला याचाच तिला एवढा आनंद झाला की रागावायचं ती विसरून गेली.

दोघं महिनाभरच राहणार होते, मग परत. कायमचं येण्याचं नाव नव्हतं. जेवायला बसलो तेव्हा दादानं आठवणीनं बियर मागितली. मी नाचणीची बाटली काढून दिली. तीन वर्षं त्या एका गाळावर चाललेली बियर. त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला.

"आंबट मारतेय रे थोडी," तो म्हणाला. "गाळ जुना झाला. फेकून दे तो. मी नवीन पाकिटं आणलीत ना."

मला तो ग्लास त्याच्या तोंडावर फेकावासा वाटत होता. आई वहिनीच्या पानात माशाची तुकडी वाढत तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारत होती, लग्न कधी झालं, कुठे झालं. वहिनी आनंदानं सांगत होती. गेल्या डिसेंबरच्या आधीचा डिसेंबर. कचेरीत सह्या केल्या, मग कॅम्पातल्या मित्रांनी केक आणला. मी मनातल्या मनात वर्ष मोजलं. मोजायचं काहीच नव्हतं, तरी मोजलं. मी कॅसेट भरली तो उन्हाळा त्याच्या नंतरचा. एसटी नंतरची. तुळशीचं लग्न नंतरचं. थोरल्याचं लग्न झालेलं होतं, थांबायचं कारणच उरलं नव्हतं, तरी मी थांबलो होतो.

वहिनी माझ्याकडे वळली. ती मनानं चांगली बाई आहे, आजही आहे, हे मला सांगितलं पाहिजे. मी तिला परका वाटू नये म्हणून ती बोलली.

"आपका आवाज हम पहचानता है," ती म्हणाली. "कॅसेट हम दोनो साथ में सुनता था. आप पूछता था ना, दादा शादी कब करेगा? हमको बहुत हँसी आता था."

दादा मान खाली घालून माशाचे काटे काढत होता. वहिनीला मराठी येत नव्हती, लग्नाचा प्रश्न तेवढा त्यानं तिला हिंदीत सांगितला असणार; त्या कॅसेटवर पुढे मी काय म्हणालो होतो ते तिला त्यानं सांगितलंच नसणार. माझा रडका आवाज तिला कशाचा वाटला असेल कोण जाणे.

आई अजून आनंदातच होती. तिनं माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "आता तुझो रस्तो मोकळो झालो. तुका पोरगी बघूक होयी."

मला करायचं नाही, असं मी सांगितलं. तिला वाटलं, मी लाजतोय. पुढं कितीतरी वर्षं ती स्थळं आणत राहिली, आणि दर वेळी मी तेच सांगितलं.